पुरात उडी कोणी घेतली

एका राज्यात पक्षी माणसांसारखे बोलत, आणि त्याचे कुणाला नवल वाटत नसे. तेथे राजा हेमांगद आणि राणी तमालिका सुखाने नांदत होती.

अरण्यातल्या विकराळ नावाच्या मांत्रिकाने राणीला मागणी घातली. तिने नकार दिला, तेव्हा तो म्हणाला, "नवऱ्याला विसरशील, पायांपासून दगड होशील! तुमची प्रीत कशी जडली, हे कुणी खरे सांगेल तरच सुटशील. तीनदाच सांगता येईल. खोटे सांगितले, तर दगड वर चढेल."

राणीचे पाय तिथल्या तिथे दगड झाले.

पहिल्यांदा राजकवी श्रीरंगभट सांगायला बसला. "राणीसाहेब, पुरात आपली नाव उलटली. महाराजांनी उडी घेतली, मगरीचा जबडा फाडला आणि आपणांस काठावर आणले."

दगड कमरेपर्यंत चढला.

"मगर नव्हती!" राजा ओरडला.

"काव्यात शोभते, महाराज."

दुसऱ्यांदा राणीची मैना बोलली. त्या दिवशी ती काठावरच्या झाडावर होती. तिने मगर वगळली, बाकी तेच सांगितले. दगड गळ्यापर्यंत चढला.

राजाने मैनेला बाजूला नेले. "तू तर सारे पाहिले होतेस."

"पाहिले होते. पण राणीसाहेबांना हीच गोष्ट आवडायची. त्यांचे मन मोडवेना."

आता एकदाच सांगणे उरले होते. राजा राणीसमोर बसला.

"आपण कोण?" राणीने विचारले.

"तुमचा नवरा. मी उडी घेतली नव्हती. मला पोहता येत नाही. सोमल नावाड्याने तुम्हाला बाहेर काढले. मी फक्त तुमच्या अंगावर शाल घातली. तुम्ही डोळे उघडलेत आणि मला म्हणालात, 'तुम्ही वाचवलेत.' मी गप्प राहिलो. मला तुम्ही आवडल्या होतात. पुढे इतक्यांदा तेच सांगितले, की मलाही खरे वाटू लागले."

दगड उतरला. राणी पावलांवर उभी राहिली. तिला सारे आठवले. त्याच क्षणी शाप उलटला आणि अरण्यात विकराळाची जीभ दगडाची झाली. त्याने पुन्हा कुणाला शाप दिला नाही.

राणीने सोमलला बोलावले. तो अजून त्याच घाटावर नाव चालवी.

"तेव्हा बोलला का नाहीस?"

"नावेतली आणखी चार माणसं पाण्यात होती, राणीसाहेब. ती काढायला गेलो. परत आलो तेव्हा तुमची पालखी निघून गेली होती."

राणीने भर दरबारात त्याला नमस्कार केला. राजाने स्वतःच्या तोंडाने सारी हकीगत सांगितली, श्रीरंगभटाने जशीच्या तशी लिहून घेतली.

मग राणी वेगळ्या महालात राहायला गेली. राजाने तिला अडवले नाही. चार महिने तो रोज दाराशी येई, दार बंद पाही आणि परत जाई.

पाचव्या महिन्यात दार उघडे होते.

"राग गेला का?" राजाने विचारले.

"नाही," राणी म्हणाली. "पण आत या. पोहता येत नाही, हे तरी तुम्ही मला आधी सांगायला हवे होते. आणखी काय काय सांगितले नाहीत, ते आज सगळे ऐकायचे आहे."

राजा आत गेला आणि सांगू लागला.