ठमाबाईची झोप

एकदा काय झालं, लांब, खूप लांब, जिथे हिवाळ्यात जमिनीचा दगड होतो अशा मुलखात एक ठमाबाई राहायची. बाई म्हणजे माणूस नव्हे हं. हॅम्स्टर. उंदराच्याच जातीची, पण गुबगुबीत; पाठ तांबूस, पोट तव्यासारखं काळं. गव्हाच्या शेताखाली तिचं बीळ. त्यात निजायची खोली वेगळी, धान्याची वेगळी, आणि हसू नका, संडाससुद्धा वेगळा.

राहायची एकटी. नाकावर राग, शेजारणीचंही तोंड बघायची नाही. उन्हाळाभर गालांत गहू कोंबून बिळात आणायची. कारण थंडीत ती सहा महिने झोपायची, आणि मधेमधे उठून चार घास खायची. ते घास नसले, की मेलीच.

तिथल्या राजाला एक मेली खोड. कापणी झाली की त्याचे नोकर पहारीनं शेत ठोकत फिरायचे. पोकळ वाजलं की खणायचे, आणि बिळातलं धान्य राजवाड्यात. राजा म्हणायचा, झोपलेल्याला खायला कशाला हवं? सगळे माना डोलवायचे. अक्कल गहाण टाकलेली, दुसरं काय.

ठमाबाईचं बीळ लुटलं. तिनं दुसरं केलं. मग तेही लुटलं. पंजे सोलवटले, तरी तिनं तिसरं भरलं. तिथे राजा स्वतः आला आणि तेही रिकामं केलं. बर्फ भुरभुरायला लागलं होतं, शेतात दाणा उरला नव्हता. मग मात्र तिचं डोकं फिरलं. मागच्या पायांवर उभी राहून, दात विचकून ती म्हणाली, "झोपलेल्याला भूक नसते ना? मग घे माझी झोप."

झालं. राजा तिथेच आडवा. नोकरांनी उचलून पलंगावर टाकला. सातव्या दिवशी उठला तो भुकेनं कळवळत. पण चूल थंड. झोपलेल्याला कशाला हवं, म्हणून कुणी रांधलंच नव्हतं. भात शिजेपर्यंत याचा पुन्हा डोळा लागला. मग आणखी सात दिवस, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मात्र तो रांगत कोठारात गेला. तोंडात दाणा टाकला नाही बरं का. तिच्या गव्हाचं पोतं बर्फातून ओढत बिळाशी नेलं. ठमाबाई तिथे कुडकुडत, उपाशी, टक्क जागी बसली होती.

"बाई, तुझं तू घे," राजा रडत म्हणाला. "भूक काय असते ते मला आज कळलं."

ठमाबाईनं आधी त्याच्या बोटाला कडकडून चावा घेतला. मग झोप परत घेतली, गहू आत नेले, आणि बिळाचं तोंड मातीनं बुजवून टाकलं. माफबीफ काही केलं नाही तिनं. का करावं?

पुढे कुणाचं बीळ कुणी खणलं नाही. राजा पोटभर जेवला, ठमाबाई पोटभर झोपली, सगळे सुखात राहिले. तुमची जेवणं झालीत ना? मग मिटा डोळे, आणि आता चकार शब्द नको.