पाचवा तुकडा

"...पण बाई, पाहिलात की नाही, एवढं तरी सांगा."

भास्करने हे तिसऱ्यांदा विचारलं.

द्वारकाबाई ओट्यावर सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत होत्या. याच बाईंनी त्याला गावच्या शाळेत पाटीवर बेरीज शिकवली. आता तो शहरात बसून मोबाइलवर मुलांना शिकवतो. 'इंटरनेट कसं चालतं' हा त्याचा धडा दोन लाख लोकांनी पाहिला. वाहवा काय, सत्कार काय. पण खोटं कशाला सांगा, त्याचा जीव अडकला होता बाईंच्या एका 'शाबास'मध्ये. धडा पाठवून आठ महिने झाले, बाईंकडून अक्षर नाही.

"पाहिला," बाई म्हणाल्या. "गावात रेंज कुठली? बिरोबाच्या टेकडीवर चढून पाहिला. चार वेळा."

भास्करने त्यांच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"मग एक शब्दसुद्धा..."

"पुन्हा सांग. इथं, समोर बसून."

भास्कर खुलला. आणलेल्या पेढ्यांच्या पुड्याचा कागद फाडून त्याने आठ तुकडे केले, प्रत्येकावर आकडा घातला.

"ही माझी चिठ्ठी समजा. निघताना तिचे असे तुकडे होतात. वाट सापडेल तसा एकेक जातो." तो तुकडे सुपात टाकत गेला. "तिकडे आकडे बघून जुळवतात. एखादा पोचलाच नाही, तर त्याची पोच येत नाही. मग इकडून तो पुन्हा पाठवायचा. पोच येईपर्यंत. समजलं ना?"

बाईंनी मान हलवली. कशी हलवली, ते त्याने पाहिलं नाही. तो पुढच्या वाक्यावर गेला होता.

"म्हणून तर बाई, आज डोंगरातल्या पोरालाही शहरातला मास्तर मिळतो. हवं ते पुस्तक मिळतं. घरबसल्या."

"हं."

"आता जुळवा बघू."

बाईंनी सुपातल्या दाण्यांवर तुकडे ओळीने मांडले. चारनंतर सहा.

"पाचवा कुठाय?"

बाईंनी मूठ उघडली.

...

भास्करने तळहातावरचा पाचचा तुकडा उचलला.

"धडा समजला नव्हता, तर तेव्हाच बोलायचं होतं ना, बाई."

"बोलले होते रे. टेकडीवर. चारही वेळा तू विचारलंस, 'समजलं ना?' मी 'नाही' म्हटलं."