करवंटीभर पाणी

समुद्रावर नुसत्या शिडांची गलबते चालत, तेव्हाची ही फार जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि शेजारी बसलेल्या मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही.

किनाऱ्यावरच्या एका गावात प्रभू येशूला मानणारी छोटीशी मंडळी होती. समुद्रापलीकडच्या एका बेटावर तापाची साथ आल्याचे कळले, तेव्हा त्यांच्यातले काही जण सेवेसाठी निघाले. म्हातारे पाळक होते, दोघे सुतार होते आणि औषधपाणी जाणणारी एक बाई होती. या बाईची एकुलती मुलगी आदल्या वर्षी तापानेच गेली होती. त्याविषयी ती कोणाशी बोलत नसे. कोणी सांत्वनाला आले, तर "मला काम आहे," असे म्हणून दारातूनच परत पाठवी.

त्या बेटावर गोड्या पाण्याचा झरा नव्हता. लोक पावसाचे पाणी रांजणात साठवत आणि वर्षभर पुरवून वापरत. म्हणून निघताना सगळ्यांनी एक नेम केला. त्या लोकांवर आपला भार नको. त्यांच्या घरचा घास घ्यायचा नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. आपण द्यायला चाललो आहोत. पाळकांनी त्यावर प्रार्थना केली, आणि पाण्याची पिंपे गलबतावर चढली.

गलबत बेटाला लागले तेव्हा घराघरातल्या बायका किनाऱ्यावर आल्या. प्रत्येकीच्या हातात नारळाच्या करवंटीत पाणी होते. पाळकांनी हात जोडले. "नको, मायबाई. तुमचं पाणी तुम्हालाच राहू द्या." गलबताच्या म्हाताऱ्या नावाड्याला बेटाची भाषा येत होती. त्याने ते त्यांना सांगितले. बायकांनी एकमेकींकडे पाहिले आणि पाणी न सांडता त्या घरी गेल्या.

सुतारांनी झोपडी उभारली. बाईने चूल पेटवून काढे उकळले. पण कोणी फिरकले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोरे लांबून बघत, तर आया त्यांना हाका मारून परत बोलावून घेत.

"घाबरतात बिचारे," एक सुतार म्हणाला.

"तुझ्या दाढीला घाबरत असतील," नावाडी म्हणाला. "मला तर काल मासा खाऊ घातला."

"तुम्ही खाल्लात? आपला नेम काय ठरला होता?"

"नेम तुमचा, बाबा. मी नावाडी. मला भूक लागते."

मग नावाड्याने बाईला हळूच सांगितले, की वस्तीच्या टोकाला एका घरात तान्हे मूल तापाने फणफणले आहे. बाईने औषधांची पिशवी उचलली आणि त्याला घेऊन ती तडक निघाली.

मुलाची आई दारात उभी होती. मूल तिच्या खांद्यावर निपचित पडले होते. बाईने हात पुढे केले, पण आई बाजूला झाली नाही. ती हळू आवाजात काहीतरी बोलली. बाईने नावाड्याकडे पाहिले.

"काय म्हणाली?"

"राहू द्या, बाई."

"सांगा, दादा."

"ती म्हणते, मी तुझ्यासाठी पाणी घेऊन आले होते. माझ्या हातचा घोटभर तुला चालला नाही. मग तुझ्या हातचं माझ्या लेकराच्या तोंडात कसं घालू?"

"अहो, आम्ही तर त्यांचं पाणी वाचावं म्हणून…"

"ते तुम्हाला ठाऊक. इथे पाणी नाकारतात ते फक्त वैऱ्याचं."

"मग आधी का नाही बोललात?"

"मला वाटलं, तुमच्या देवाचा नियम असेल. त्यात मी कशाला तोंड घालू?"

आपल्या घरचे पाणी न घेणारी माणसे बाईने लहानपणी गावात पाहिली होती. भरला तांब्या तसाच आत नेताना आपल्या आईचा चेहरा कसा होई, तेही पाहिले होते. आज तोच चेहरा समोर होता.

पाळकांना विचारून येण्याइतका वेळ नव्हता. बाईने पिशवी खाली ठेवली आणि ती उंबऱ्याशी मातीत बसली.

"मला तहान लागली आहे," ती म्हणाली. "पाणी देशील?"

नावाड्याने ते आईला सांगितले. मूल कण्हले. मग ती आत गेली. रांजणाच्या तळाला करवंटी घासल्याचा आवाज बाहेर आला. पाणी थोडे होते आणि गढूळ होते. 'हे मुलाला ठेव,' हे शब्द बाईच्या ओठांवर आले होते. ते गिळून ती सगळे पाणी प्यायली.

तेव्हा आईने मूल तिच्या मांडीवर दिले.

बाई काढा थेंब थेंब पाजत राहिली. आईने पुढे केलेली भाकरी तिने खाल्ली. मध्येच आईने काही विचारले. नावाडी म्हणाला, "तुम्हाला मूलबाळ आहे का, विचारते."

"एक मुलगी होती," बाई म्हणाली. "अशाच तापाने गेली."

नावाड्याला ते त्या भाषेत सांगायला वेळ लागला. आई सरकून जवळ बसली आणि तिने बाईच्या पाठीवर हात ठेवला. बाईने तो हात दूर केला नाही. मुलगी गेल्यापासून पहिल्यांदाच ती दुसऱ्या कोणासमोर रडली.

पहाटे मुलाला घाम फुटला. त्याने डोळे उघडले आणि दुधासाठी भोकाड पसरले.

बाईने पाळकांना सांगितले, "मी नेम मोडला."

सगळे ऐकून पाळक म्हणाले, "परक्या गावच्या विहिरीपाशी बसून प्रभूने एका बाईजवळ पाणी मागितलं होतं. इतकी वर्षं मी हे लोकांना सांगतो आहे, आणि निघताना मलाच त्याची आठवण झाली नाही." त्यांनी काठी घेतली आणि ते पहिल्या घराच्या दाराशी जाऊन बसले. त्यांच्या मागोमाग सुतारही गेले.

त्या दिवसापासून लोक औषधाला येऊ लागले. पुष्कळ जण बरे झाले, सगळे नाही. जिथे कोणी गेले, त्या घरी बाई जाऊन बसे. ती फारसे बोलत नसे. त्यांनी दिलेले पाणी घेई, आणि कोणी विचारलेच, तर आपल्या मुलीचे नाव सांगे.

ज्याच्या हातचे आपण घेत नाही, त्याच्या हाती आपले देणे पोचत नाही.