एकशे सातवा नमुना

"हा भैरोबा आजपासून आमच्या संग्रहालयातला एकशे सातवा नमुना!" रणधवल महाराजांनी फर्मावले आणि बोरवंडच्या देवळातली पाषाणमूर्ती काचेच्या कपाटात जाऊन बसली. गावात ना काकडा, ना नैवेद्य. तिसऱ्या दिवशी गुरवाची लेक सगुणा राजवाड्यावर आली.

"महाराज, आमचा देव परत द्यावा."

"देव? ते शिल्प आहे, मुली. देव असेल तर सूर्यास्तापर्यंत सिद्ध कर. चमत्कार नको, पोथीचा दाखला नको. साक्षीदार असा आण, की ज्याला खोटे म्हणणे आम्हालाही जमू नये. नाही आणलास, तर मूर्ती कायमची आमची."

"मान्य. मात्र आधी महाराजांनी स्वतः मला संग्रहालय दाखवावे."

महाराज सुखावले. दारावर पाटी होती : 'हे देऊळ नव्हे. कोणीही जोडे काढू नयेत. आज्ञेवरून.'

"माझी तर पंचाईतच मिटली," अनवाणी सगुणा म्हणाली.

महाराज जोडे करकरवीत पुढे निघाले. मागे संग्रहपाल दाजीशास्त्री आणि सात मानकरी. पेंढा भरलेला वाघ झाला, देवमाशाची फासळी झाली, सुगरणीचे खोपे झाले.

"ही आमच्या पणजोबांची तलवार. हिने तीन किल्ले घेतले."

"आणि आता?"

"आता दाजीशास्त्री तिला तेल लावतात."

शेवटच्या दालनात भैरोबा होता. महाराज मूर्तीची घडण वाखाणू लागले. सगुणेने हात जोडले आणि ती शांतपणे म्हणाली, "महाराज, साक्षीदार आला आहे. उंबऱ्याबाहेर उभा आहे."

सारे वळले. उंबऱ्याबाहेर जोड्यांचे नऊ जोड ओळीने उतरवलेले होते. सर्वांत पुढचा जरीचा, महाराजांचा.

"वाघापुढे हे निघाले नाहीत, पणजोबांच्या तलवारीपुढेही नाहीत. इथे महाराजांची आज्ञा महाराजांनाच कोणी मोडायला लावली?"

"जुनी सवय, दुसरे काय!" दाजीशास्त्री पुटपुटले.

"शास्त्रीबुवा, सवय असती तर वाघापाशीच निघाले असते."

महाराजांनी आपल्या उघड्या पावलांकडे पाहिले आणि ते असे हसले की कपाटांच्या काचा थरथरल्या. "आमच्याच पायांनी आम्हाला हरवले!"

त्यांनी भैरोबासाठी पालखी मागवली, नंदादीपाला कायमचे तेल नेमून दिले आणि सगुणेच्या हाती सोन्याच्या पाटल्या चढवल्या. "पण मुली, या रिकाम्या कपाटात आता काय ठेवू?"

"साक्षीदार ठेवावा, महाराज."

त्या सायंकाळी महाराज पालखीमागे अनवाणी चालले. कपाटात जरीचे जोडे होते, आणि खाली दाजीशास्त्रींच्या सुबक अक्षरांत चिठ्ठी : 'नमुना एकशे सातवा.'