तोडू नका, साहेब

इंगवले मास्तर इतके दमले होते, की खडू उचलतानाही कण्हायचे. डोंगरावरच्या शाळेतून खाली गावाजवळ बदली मिळावी, एवढीच त्यांची आस. आणि ती अडली होती तपासणीला आलेल्या धारणेसाहेबांच्या शेऱ्यावर.

फळ्यावर लांबलचक इंग्रजी शब्द होता. चंद्री उठून वाचू लागली, "ट्रान्स... पोर्ट... टेशन."

"हे काय मास्तर? शब्द वाचताय की लाकडं फोडताय?" साहेब कडाडले. "तुकडे बंद! शब्द अख्खाच म्हणायचा."

"लेकरांच्या तोंडात मावत नाही हो, साहेब."

"वर तोंड करून बोलता? घ्या शेरेबुक. मी सांगतो, तुम्ही लिहा."

बदली गेलीच म्हणायची! मास्तरांनी सुस्कारा सोडून पेन उघडलं. साहेबांना लिहवायचं होतं 'असमाधानकारक', पण रुबाब इंग्रजीचा. मास्तरांना नीट लिहिता यावं म्हणून ते सावकाश सांगू लागले, "अन... सॅटिस... फॅक्टरी."

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. "साहेब, तोडू नका. अख्खा सांगा."

पोरं फिस्सकन हसली. साहेबांनी मिशी कुरवाळली, छताकडे पाहिलं आणि शेवटी त्यांनाही हसू फुटलं.

"बरं, मास्तर. सुरुवातीचा 'अन' तेवढा गाळा. बाकीचं राहू द्या."