पोटातले गाव

नदीच्या वळणावर एक गाव होते. गावात तेलाचा घाणा एकच, आणि तो लिंबाजीचा. करडईचे तेल असो की भुईमुगाचे, आजूबाजूच्या पाच वाड्यांची माणसे भांडी घेऊन त्याच्याच दारी येत. घाणा ओढायला पवळ्या नावाचा बैल होता. रंगाने पोवळ्यासारखा तांबूस, खांद्याने रुंद, स्वभावाने गरीब. डोळ्यांवर झापड बांधली की तो सकाळपासून दुपारपर्यंत गोल फिरे. सोडला की सावलीत बसून डोळे मिटून रवंथ करी.

लिंबाजी कामाला वाघ होता. पण साधी वस्तू त्याच्या डोळ्यांत कधी भरत नसे. भाकरी त्याला चालत नसे; दोनदा चाळलेल्या गव्हाच्या पिठाची पोळीच लागे. ताकाला तो 'गरिबाचे पाणी' म्हणे. त्याचे पोट कधी धड नसे. जेवण झाले की ते फुगे, आणि मग तो बाजारातून आणलेल्या चूर्णाची पुडी तोंडात टाकी. पुडी गिळली की त्याला वाटे, पोटाचे काम झाले.

गावच्या देवीच्या देवळापुढे सात ओळींची दगडी दीपमाळ होती. त्रिपुरी पौर्णिमेला ती पायथ्यापासून शेंड्यापर्यंत पेटे. तिच्या तेलाचा मान लिंबाजीच्या घराचा. आजाने तेल दिले, बापाने दिले, आता तो देत होता. एकदाही एक ओळ अंधारात राहिली नव्हती. या मानापुढे त्याला दुसरे काही मोठे वाटत नसे.

त्या वर्षी पौर्णिमेला तीन आठवडे राहिले तेव्हा त्याने ठरवले की दीपमाळ भरून शेजारच्या गावांच्या देवळांनाही आपलेच तेल पाठवायचे. मग बैलाला जास्त जोर हवा. तो गोठ्यात गेला. गव्हाणीतला ज्वारीचा कडबा पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"यात काय आहे?" तो बायकोला म्हणाला. "वाळकी काटकं. पोट भरतं, पण जोर कुठून येणार?"

सगुणा म्हणाली, "अहो, आजवर त्यानं यावरच ओढलंय."

"ओढलं. आता त्याला पळवायचंय."

कडबा बंद झाला. गव्हाणीत पेंड, ज्वारीचे पीठ आणि गूळ पडू लागला. पेंड तर घाण्यावरचीच, ढिगाने पडलेली. वर बाजारातल्या पुडीवाल्याकडून 'बैलाचा हत्ती करणारी' पूड आणली. ती रोज मूठभर.

आठ दिवस पवळ्या चकाकला. लिंबाजी येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच्याकडे बोट दाखवी.

एका दुपारी ठकूबाई नावाची म्हातारी त्याच्या दारावरून चालली होती. ती डोंगराच्या उतारावर एकटी राहायची. तिची एकच गाय, कपिली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. गाईने लिंबाजीच्या दगडी डोणीकडे मान वळवली. डोणी पाण्याने काठोकाठ भरलेली होती.

"ए म्हातारे, हाकल तो सांगाडा!" लिंबाजी ओरडला. "माझा बैल पितो त्यात."

"घोटभर पिऊ दे रे. डोंगर उतरून आलीय."

"खायला काय घालतेस तिला? दगड?"

"डोंगर देईल ते खाते. गवत, पाला, बाभळीच्या शेंगा." ठकूबाईने पवळ्याकडे निरखून पाहिले. "लिंबा, तुझा बैल केव्हाचा बसलाय. तोंड हलत नाही त्याचं."

"तू तुझं बघ," असे म्हणून लिंबाजीने काठी उचलली. गाय तहानलेलीच पुढे गेली.

तोंड हलत नव्हते हे खरे होते. पण ज्याला चकाकी पाहायची असते, त्याला तोंड दिसत नाही.

चार दिवसांनी पवळ्या घाण्याला जुंपल्या जागी उभा राहिला. चाबूक दाखवला, तरी पाऊल उचलेना. त्याची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली होती. शेण पातळ पडले होते आणि त्याला आंबट वास येत होता. पौर्णिमा आठ दिवसांवर आली होती.

लिंबाजीने पूड दुप्पट केली. ओवा पाजला. स्वतःच्या चूर्णाच्या चार पुड्या पाजल्या. पवळ्याने मान जमिनीवर टेकली.

सगुणा म्हणाली, "ठकूबाईनं हात न लावता ओळखलं होतं. तिला विचारा."

"त्या सांगाडावालीला?"

"मग नका विचारू. खड्डा खणायला घ्या. एकट्यानंच खणा, माती ओढायला बैल नसेल."

लिंबाजी उठला. डोंगराची वाट त्याला त्या दिवशी फार लांब वाटली.

ठकूबाई झोपडीपुढे बसली होती. शेजारी कपिली बसली होती आणि संथपणे रवंथ करीत होती. लिंबाजीने बैलाचे सगळे सांगितले. पीठ सांगितले, गूळ सांगितला, पूडही सांगितली.

"त्याच्या पोटातलं गाव उठलंय," ठकूबाई म्हणाली.

"कसलं गाव?"

"प्रत्येक पोटात एक गाव असतं. डोळ्यांना दिसत नाही इतके बारके जीव, आणि लाखांनी. बैल चारा नुसता आत नेतो. तो मुरवायचा, त्याचं रक्त करायचं, हे काम ते करतात. त्यांचं जेवण म्हणजे कडबा. तू कडबा काढलास आणि पीठगूळ ओतलास. आत सगळं आंबलं. ते बिचारे मेले."

"आता?"

"आता नवी वस्ती न्यायची. हिच्या तोंडातून." तिने कपिलीच्या पाठीवर हात ठेवला. "लिंबा, माझ्या गाईला तू डोणीला तोंड लावू दिलं नाहीस. आज तिच्या तोंडातला घास मागायला आलास."

लिंबाजीची मान खाली गेली. त्याने हात जोडले. मग म्हणाला, "मागतो, मावशी."

"मग हात घाल. तुझाच घाल."

ताकाला नाक मुरडणाऱ्या लिंबाजीने गाईच्या तोंडात हात घातला. हिरवा, ऊन, ओलसर गोळा त्याच्या मुठीत आला. त्याला पाल्याचा वास होता. गाईने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि पुढचा घास वर आणला. ठकूबाईने तो गोळा कोमट पाण्यात कालवून दिला.

"बांबूच्या नळीनं पाज. मग फक्त कडबा आणि पाणी. खुराक बंद, घाणा बंद."

"पण पुनव..."

"मी पुनव बघत नाही. तोंड हलतं का ते बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पवळ्याने कडब्याची दोन काटके चघळली. सगुणेने देवापुढे दिवा लावला. लिंबाजीने बोटांवर दिवस मोजले. सगुणा नदीवर गेली तशी त्याने पेंडीचे एक ढेकूळ फोडले, वर चिमूटभर पूड घातली आणि पवळ्यापुढे ठेवले. थोडीच तर आहे, असे तो स्वतःलाच म्हणाला. मग ती थोडी कमी वाटली म्हणून आणखी घातली.

संध्याकाळी पवळ्याने पुन्हा मान टाकली.

लिंबाजी पुन्हा डोंगर चढला. ठकूबाईने त्याचा चेहरा पाहिला आणि ओळखले. ती ओरडली नाही.

"पाहुणे बोलावून घरी नेलेस," ती म्हणाली. "त्यांना जेवायला काय वाढलंस?"

"पेंड," लिंबाजी म्हणाला. "आणि पूड."

"पूड मुळातच वाईट नसते. मीही गाईला मिठाचा खडा चाटवते. पण ते तोंडीलावणं झालं. ताटात भाकरी नसेल तर नुसतं लोणचं किती खाशील?" ती कपिलीजवळ गेली. "आणखी एकदा देईन. रोज हिच्या तोंडातला घास काढला तर ही कशावर जगेल? आता तूच ठरव, दीपमाळ की बैल."

"मावशी, तीन पिढ्यांत एक ओळ अंधारात राहिली नाही."

"ते मला कशाला सांगतोस?"

लिंबाजी खाली गावाकडे पाहत राहिला. देवळाचा कळस दिसत होता. कळसाशेजारी दीपमाळेचा शेंडा दिसत होता. त्याच्या बापाने म्हातारपणी स्वतः चढून त्या शेंड्यावर दिवा ठेवलेला त्याने पाहिला होता.

"बैल," तो म्हणाला, आणि गाईपुढे गुडघे टेकून त्याने हात पुढे केला.

घरी येऊन त्याने घास कालवलेले पाणी नळीने पाजले. नंतर सगळी पेंड आणि पूड खोलीत टाकून कुलूप लावले आणि किल्ली सगुणेच्या हातात दिली.

"मी मागितली तरी देऊ नकोस," तो म्हणाला.

सकाळी गावाने पाहिले ते असे. घाण्याला बैलाच्या जागी लिंबाजी होता. आडव्या लाकडाला छाती लावून तो गोल फिरत होता. दुसऱ्या बाजूने सगुणा लोटत होती.

पारावरून एकजण हसून म्हणाला, "लिंबाजीशेठ, झापड बांधू का?"

"बांध," लिंबाजी म्हणाला. "तुझं तोंड तरी दिसायचं नाही."

बैलाने दोन तासांत काढावे तेवढे तेल त्या दोघांना दिवसभर लागे. खांदा सोलला. पायाला फोड आले. दर वेढ्याला गोठ्याचे दार समोर येई आणि लिंबाजी आत डोकावे. पहिल्या दिवशी पवळ्या नुसते पाणी प्यायला. दुसऱ्या दिवशी कडब्याची काटके हुंगली. तिसऱ्या दिवशी त्यातली चार खाल्ली. चौथ्या दिवशी कूस उतरली. पण तोंड हलले नव्हते. लिंबाजीने एकदा सगुणेकडे किल्ली मागितली. ती म्हणाली, "कसली किल्ली?" आणि भांडी घासत राहिली. त्याने पुन्हा मागितली नाही.

पौर्णिमेच्या संध्याकाळी तेल चार ओळींना पुरले. खालच्या चार ओळी उजळल्या. वरच्या तीन काळ्या राहिल्या. माना वर झाल्या, कुजबुज सुरू झाली.

पुजारी म्हणाला, "लिंबाजी, हे कसं झालं? बैल आजारी पडला म्हणे?"

बैलावर ढकलून सुटता आले असते. लिंबाजी म्हणाला, "बैल पडला नाही, मी पाडला. तेल माझ्या चुकीनं कमी पडलं."

तो पायरीला डोके टेकवून घरी आला.

गोठ्याशी येताच तो थबकला. आतून आवाज येत होता. सावकाश, एका लयीत, दाढेवर दाढ घासल्याचा. पवळ्या पाय दुमडून बसला होता, डोळे मिटलेले, आणि त्याचा जबडा डावी-उजवीकडे हलत होता. लिंबाजी त्याच्या कुशीला टेकून बसला. सगुणा जेवायला हाक मारत राहिली. तो ऐकत बसला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने डोणी घासून स्वच्छ केली, ताजे पाणी भरले आणि स्वतः जाऊन ठकूबाईला व कपिलीला घेऊन आला. कपिलीने डोणीत तोंड घातले ते बराच वेळ काढले नाही. पवळ्या मागे उभा राहून आपली पाळी येण्याची वाट पाहत होता.

"लिंबा," ठकूबाई म्हणाली, "तुझंही पोट फुगतं म्हणे?"

लिंबाजीने दचकून कपिलीच्या तोंडाकडे पाहिले.

म्हातारी खो खो हसली. "भिऊ नकोस. तुला ते नाही पाजत. तू माणूस आहेस, तुला ताक पुरे. आणि भाकरी खा. कोंड्यासकट."

दुपारी सगुणेने पीठ चाळायला चाळणी घेतली. लिंबाजीने ती तिच्या हातातून काढून भिंतीला टांगली.

"आणि ताक?" तिने विचारले. "तांब्याभर देऊ?"

"वाटीभर दे," लिंबाजी म्हणाला. "पण रोज दे."

तात्पर्य: पोटात राबणारे जीव दिसत नाहीत म्हणून त्यांना उपाशी ठेवू नये; ते उठून गेले तर पुडीने परत येत नाहीत, रोजच्या साध्या अन्नाने आणि धीरानेच नांदतात.