जप्तीला साक्षीदार

रानाचे तंटे रानातच मिटत, त्या काळी एक वृद्ध सांबर न्यायनिवाडा करीत असे. उसने दाणे न फेडणाऱ्याकडे जप्तीसाठी कोल्हा जाई आणि त्याचा शब्द अखेरचा मानला जाई.

एका हिवाळ्यात खार आली. "महाराज, देणं होतं ते दाणे नेले, तक्रार नाही. पण पिलांखालचा सावरीचा कापूसही नेला."

"खारूताई, दुःख शेपटीएवढं फुगवू नका," कोल्हा हसला. "मी फक्त दाणे आणले."

सांबराला शंका आली; परंतु कोल्ह्याचा शब्द तपासण्याचा नियमच नव्हता. त्याने खारीला परत पाठवले.

कडाक्याच्या थंडीनंतर कोल्हा त्याच कापसावर झोपलेला सांबराला दिसला. त्याने तत्काळ कोल्ह्याला पदावरून काढले आणि नियम केला: जप्तीच्या वेळी शेजारी साक्षीला असावा, जप्ती करणाऱ्याने अधिक नेल्यास त्याने भरपाई द्यावी. रानाने जयजयकार केला.

सांबर कापूस घेऊन खारीच्या ढोलीशी गेला.

"नियम चांगला झाला, महाराज," ती हळूच म्हणाली. "कापूस मात्र शेजारच्या बिळातल्या उंदरिणीला द्या. तिची पिलं अजून आहेत."